२२ ऐवजी १३.३: फेरस–चांदी समतोलाचं एक प्रकरण

हे प्रकरण बी.एस्सी.च्या एका प्रयोगशाळेतलं आहे. कॉलेज कुठलं हे महत्त्वाचं नाही. आकडेही गणित स्वच्छ दिसावं म्हणून मीच बेतलेले आहेत, पण गोष्ट घडते ती अशीच. विषय एका उलटसुलट चालणाऱ्या रेडॉक्स अभिक्रियेचा आहे:

फेरस आयन + सिल्व्हर आयन ⇌ फेरिक आयन + चांदी

फेरस आणि फेरिक ही लोखंडाच्या आयनाची दोन रूपं. फेरस एक इलेक्ट्रॉन सोडतं आणि फेरिक होतं. चांदीचा आयन तो इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होऊन तळाशी बसतो. चांदी घन असल्यामुळे समतोल स्थिरांकाच्या, म्हणजे समतोल कुठल्या बाजूला किती झुकलाय ते सांगणाऱ्या आकड्याच्या, सूत्रात तिला जागा नाही. उरतं ते एवढंच: के = फेरिकची संहती ÷ (फेरसची संहती × सिल्व्हरची संहती). संहती मोलरमध्ये, म्हणजे लिटरला किती मोल.

हँडआउटमध्ये कृती चार ओळींची होती. ०.१० मोलर सिल्व्हर नायट्रेट आणि ०.१० मोलर फेरस सल्फेट समान आकारमानात एकत्र करा, मिश्रणात सल्फ्युरिक ॲसिड एक मोलर राहील असं बघा. बूच लावून रात्रभर २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कोरड्या फिल्टर पेपरमधून गाळा. गाळलेल्या द्रावणातले १० मिली पिपेटने घ्या आणि ०.०२० मोलर पोटॅशियम थायोसायनेटने टायट्रेट करा, म्हणजे ते ब्युरेटमधून थेंबथेंब घालून सगळी सिल्व्हर संपायला किती मिली लागतं ते मोजा.

त्याच कागदावर उत्तरही आधीच काढून दिलेलं होतं. चांदीचं प्रमाण विभव (हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद) ०.८०० व्होल्ट, फेरिक–फेरस जोडीचं ०.७७१. फरक ०.०२९ व्होल्ट. २५ अंशांना आणि एका इलेक्ट्रॉनसाठी लॉग के = ०.०२९ ÷ ०.०५९२ = ०.४९, म्हणजे के सुमारे ३.१. इथे दरवर्षी कोणीतरी अडखळतं, कारण "समतोलात सेलचा विभव शून्य" हे पाठ असतं आणि मग प्रमाण विभवच शून्य धरला जातो. समतोलात शून्य होतो तो त्या क्षणाचा, त्या संहतींचा विभव. प्रमाण विभव तक्त्यात होता तिथेच असतो, आणि नर्न्स्टच्या समीकरणात डावीकडे शून्य ठेवलं की त्याच्यातूनच के बाहेर पडतो.

के ३.१ असेल तर रीडिंग किती यायला हवं, तेही काढता येतं. समान आकारमानं मिसळल्यामुळे सुरुवातीला दोन्ही आयन ०.०५० मोलर. समतोलात उरलेली सिल्व्हरची संहती 'य' धरली, तर फेरसही 'य' आणि फेरिक ०.०५० वजा य. मग (०.०५० − य) ÷ य² = ३.१. वर्गसमीकरण सोडवलं की य = ०.०४४०. दहा मिलीला थायोसायनेट लागेल २२.० मिली. अभिक्रियाच झाली नसती तर २५.० लागलं असतं. म्हणजे तक्त्याच्या मते जेमतेम १२ टक्के चांदी खाली बसणार, पन्नास मिली मिश्रणात बत्तीसेक मिलिग्रॅम.

फ्लास्कमध्ये दुसऱ्या दिवशी जे दिसलं ते याहून बरंच जास्त होतं. तळाशी करडा, चमकदार साका, काचेच्या कडेला आरशासारखे ठिपके, आणि आधीचं फिकट हिरवं द्रावण पिवळसर झालेलं. डोळ्यांनी मिलिग्रॅम मोजता येत नाहीत हे खरं. पण ज्यानं आदल्या वर्षीही हा प्रयोग बघितला आहे त्या लॅब असिस्टंटला विचारलं असतं, तर "चांदी भरपूर पडते" एवढं त्यानं न मोजता सांगितलं असतं.

टायट्रेशन मात्र बघण्यासारखं असतं. थायोसायनेटने चांदी मोजायची ही रीत जेकब फोल्हार्ड यांनी १८७४ साली मांडली, आणि तिच्यात सूचक म्हणून फेरिकचं मीठ मुद्दाम घालावं लागतं. इथे ते घालायची गरजच नाही, कारण अभिक्रियेनं फेरिक स्वतःच तयार करून ठेवलेलं असतं. थेंब पडतो तिथे लालसर रेघ उमटते, फ्लास्क हलवला की नाहीशी होते आणि सिल्व्हर थायोसायनेटचा पांढरा, दह्यासारखा साका वाढत जातो. चांदीचे आयन संपले की पुढचा थेंब लाल करतो आणि तो रंग जात नाही. तोच एंड पॉइंट.

तो आला १३.३ मिलीला. पुन्हा केलं, पुन्हा १३.३.

गणित करायला मिनिटही लागत नाही. सिल्व्हर उरली ०.०२६६, फेरिक झालं ०.०२३४, के = ०.०२३४ ÷ (०.०२६६)² = ३३. हँडआउटमध्ये ३.१. दहापटीची तफावत.

पुढे जे झालं ते रसायनशास्त्रापेक्षा आपल्या प्रॅक्टिकलच्या रिवाजाबद्दल जास्त सांगतं. जर्नलमध्ये रीडिंग लिहिलं गेलं २१.९. उत्तरातून मागे येऊन ब्युरेटचा आकडा ठरवायचा, दोन रीडिंगमध्ये ०.१ चा फरक ठेवायचा म्हणजे खरं वाटतं, आणि सही घ्यायची. हे सगळीकडे चालतं आणि मुलांना त्यासाठी फार दोष देण्यात अर्थ नाही. "अपेक्षित उत्तर" आधीच छापून दिलं की दुसरं काय होणार? पण या प्रकरणात खोडलेलं रीडिंग बरोबर होतं आणि छापलेलं उत्तर त्या फ्लास्कला लागू नव्हतं. ते कसं, हे शोधायचं तर आधी साध्या संशयितांना एकेक करून बोलवावं लागतं, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा लागतो: तू रीडिंग वर ढकलतोस की खाली?

ब्युरेट वाचण्यात चूक झाली असेल? २२.० च्या आसपास ०.२ मिली इकडेतिकडे झालं तर के २.८ ते ३.४ एवढा हलतो. नऊ टक्के. इथे तफावत ८.७ मिलीची आहे. एवढं चुकवायला ब्युरेट उलटी धरावी लागेल.

फेरस सल्फेट शिळं असेल? ही शंका चांगली आहे, कारण प्रयोगशाळेतल्या बाटलीतले हिरवे खडे वरून तपकिरी झालेले असतातच. समजा पाच टक्के फेरस आधीच हवेनं फेरिक केलेलं आहे. मग सुरुवातीला फेरस ०.०४७५ आणि फेरिक ०.००२५. खरा के ३.१ धरून सोडवलं तर सिल्व्हर उरते ०.०४६२, रीडिंग २३.१. विद्यार्थ्याला हे माहीत नसल्यामुळे तो नेहमीच्या सूत्रात घालतो आणि त्याला के मिळतो १.८. फक्त पाच टक्के शिळेपणानं के जवळजवळ निम्मा! म्हणून हा प्रयोग मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) किंवा ताजं फेरस सल्फेट घेऊन, त्याची खरी संहती परमँगनेटने तपासून मगच करावा. पण आपल्या प्रकरणात हा संशयित सुटतो, कारण तो रीडिंग वर नेतो. आपलं खाली गेलंय.

गाळणी नीट झाली नसेल? चांदीची बारीक पूड फिल्टर पेपरमधून निसटली असेल तर काय होतं ते फार मजेदार आहे. थायोसायनेट जसजसं सिल्व्हर आयनांना काढून घेतं तसतसा समतोल मागे सरकतो, फेरिक त्या पुडीला पुन्हा विरघळवतं आणि नवे सिल्व्हर आयन देतं. एंड पॉइंटचा लाल रंग येतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत फिका पडत जातो. अजिबात न गाळता धीरानं टायट्रेट करत बसलात, तर रीडिंग थेट २५ कडे जाईल आणि अभिक्रिया झालीच नाही असा निष्कर्ष निघेल. पण याचीही दिशा वरचीच.

थंडी? अभिक्रिया उष्णता सोडणारी आहे, त्यामुळे थंडीत के वाढतो आणि रीडिंग खाली जातं. दिशा बरोबर. पण १५ अंशांना के सुमारे ७.७ होतो आणि रीडिंग १९.३. शिवाय फ्लास्क २५ अंशांच्या बाथमध्ये होता.

क्लोराइड? नळाच्या पाण्यानं फ्लास्क विसळला असेल तर थोडं सिल्व्हर क्लोराइड पडतं आणि सिल्व्हर आयन कमी होतात. याचीही दिशा बरोबर. लिटरला शंभर मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या पाण्यात सगळीच द्रावणं केली असं धरलं, तरी फार तर ०.००२८ मोलर चांदी जाते, म्हणजे रीडिंगमध्ये दीड मिलीपेक्षा कमी फरक पडतो. आणि तेवढं क्लोराइड असेल तर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातच दुधी गढूळपणा दिसतो. तो इथे नव्हता.

सगळे निर्दोष सुटले. मग उरतो तो ज्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं: द्रावक म्हणून घेतलेलं एक मोलर सल्फ्युरिक ॲसिड.

प्रमाण विभवांचा तक्ता ज्या जगातला आहे तिथे आयन एकमेकांना ओळखत नाहीत. त्याचे आकडे अनंत विरल द्रावणापर्यंत रेषा ओढून काढलेले असतात. आपल्या फ्लास्कमध्ये तर आयनांची दाटी आहे, आणि त्या दाटीत तिहेरी प्रभाराचा फेरिक आयन सगळ्यात जास्त सावरला जातो. विरुद्ध प्रभाराच्या आयनांचं कोंडाळं त्याच्याभोवती इतरांपेक्षा घट्ट बसतं. हा परिणाम प्रभाराच्या वर्गानुसार वाढतो: फेरिकसाठी नऊ, डावीकडे फेरसचे चार आणि सिल्व्हरचा एक मिळून पाच. चारचा फरक उजव्या बाजूला. डीबाय–ह्यूकेलच्या सूत्रानं अंदाज घेतला तर आयनिक स्ट्रेंथ (आयनांच्या दाटीचं माप) ०.१ एवढी झाली तरी संहतींत मोजलेला के शून्य आयनिक स्ट्रेंथच्या के-पेक्षा सुमारे तिप्पट होतो. आपल्या मिश्रणात ॲसिड बाजूला ठेवलं तरी आयनिक स्ट्रेंथ ०.१ च्या वर जाते. थोडक्यात, ०.०५ मोलर द्रावणं वापरून ३.१ हे उत्तर प्रत्यक्ष फ्लास्कमधून मिळणं शक्यच नव्हतं. ज्यांनी दरवर्षी ते मिळवलं त्यांनी कसं मिळवलं हे आता वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट सल्फेटची. फेरिकला सल्फेट आवडतं, दोघं मिळून एक गुंतागुंतीचा आयन करतात आणि मोकळं फेरिक कमी होतं. ली शातेलिएचं तत्त्व पाठ असलेल्या कुणालाही पुढचं सांगता येईल: उजवीकडचा घटक कोणीतरी बाजूला नेतोय, म्हणून अभिक्रिया आणखी उजवीकडे सरकते, आणखी चांदी पडते. पण टायट्रेशनला मोकळं फेरिक आणि सल्फेटला चिकटलेलं फेरिक असा भेद कळत नाही. ०.०५० मधून उरलेली सिल्व्हर वजा केली की सगळं मिळून येतं.

यासाठीच विश्लेषण रसायनशास्त्राच्या पुस्तकांच्या शेवटी प्रमाण विभवांशेजारी आणखी एक रकाना असतो, फॉर्मल पोटेन्शियलचा. अमुक माध्यमात, एकूण संहती धरून, प्रत्यक्ष मोजलेला विभव. आपल्या दोन जोड्यांसाठी तो रकाना असा आहे. एक मोलर पर्क्लोरिक ॲसिडमध्ये चांदी ०.७९२, फेरिक–फेरस ०.७३२. एक मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये चांदी ०.७७, फेरिक–फेरस ०.६८. पर्क्लोरेट फेरिकला फारसं चिकटत नाही, त्यामुळे तिथला फरक बहुतांशी आयनांच्या दाटीचा. सल्फेटमध्ये दाटी आणि चिकटणं दोन्ही. आता तेच गणित करा. पर्क्लोरिकमध्ये ६० मिलिव्होल्ट, के १०.३, रीडिंग १८.२, चांदी २७ टक्के पडलेली. सल्फ्युरिकमध्ये ९० मिलिव्होल्ट, के ३३, रीडिंग १३.३, चांदी ४७ टक्के. पन्नास मिलीत बत्तीस मिलिग्रॅम पडायला हवी होती ती प्रत्यक्षात सव्वाशे.

१३.३ हा आकडा मी याच रकान्यावरून बेतला, हे उघड आहे. तुमच्या फ्लास्कमध्ये तो नेमका येईलच असं नाही. ०.७७ आणि ०.६८ हे दोनच दशांश स्थळांपर्यंत दिलेले आहेत, म्हणजे प्रत्येकात पाच मिलिव्होल्टची संदिग्धता. दोन्ही मिळून फरक ८० ते १०० मिलिव्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, के २२ ते ४९, रीडिंग १५.० ते ११.७. तक्त्यातून एवढंच वचन मिळतं. विभवांतून काढलेल्या के-ला दशांश चिन्हापुढे आकडे लिहिणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

एवढी नाजूक अवस्था का, तर दोन मोठ्या आकड्यांतला फरक छोटा आहे आणि तो घातांकात बसलाय. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर. दोन्ही उंच्या समुद्रसपाटीपासून मोजायच्या आणि वजाबाकी करून एका शिखरावरून दुसरं किती वर आहे ते सांगायचं, तर प्रत्येक मापातली थोडीशी चूकही त्या ७९ मीटरांवर भारी पडते. इथे समुद्रसपाटी म्हणजे हायड्रोजन इलेक्ट्रोड. वर घातांक असल्यामुळे एक मिलिव्होल्टची चूक के-मध्ये चार टक्क्यांची होते, दहा मिलिव्होल्टची जवळजवळ दीडपट.

हे फक्त आपल्या प्रयोगशाळांचं दुखणं नाही. १९१२ साली अमेरिकेत आर्थर नॉइज आणि ब्रॅन यांनी हाच समतोल उलट बाजूनं, म्हणजे चांदीवर फेरिक नायट्रेट घेऊन, काळजीपूर्वक मोजला. शून्य संहतीपर्यंत रेषा ओढून त्यांना उलट अभिक्रियेचा स्थिरांक मिळाला सुमारे ०.१३, म्हणजे आपल्या दिशेनं पावणेआठच्या आसपास. त्यावरून फेरिक–फेरसचं प्रमाण विभव ०.७४७ व्होल्टच्या जवळ येतं, आणि पुढची बरीच वर्षं पुस्तकांत तसंच होतं. १९३७ मध्ये शुंब, शेरिल आणि स्वीट्सर यांनी पर्क्लोरेटमध्ये सेल मांडून तो विभव थेट मोजला आणि ०.७७१ हा आज आपण पाठ करतो तो आकडा दिला. दोघांत फरक फक्त २४ मिलिव्होल्टचा. के मात्र पावणेआठवरून तीनवर आला, अडीचपट कमी. नॉइज हे हलक्या हातानं काम करणारे गृहस्थ नव्हते. अभिक्रियाच तशी आहे.

याच्या शेजारी तांबं ठेवून बघा. फेरिक क्लोराइडनं सर्किट बोर्डावरचं तांबं खरवडतात ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथे विभवांतला फरक ०.४३ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉन दोन. लॉग के साडेचौदा. दहा मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले तरी लॉग के हलतो जेमतेम ०.३४ नं, आणि तांबं शेवटी विरघळतं ते विरघळतंच. तिथे समतोल टायट्रेशननं मोजायचा विचारही कोणी करत नाही, कारण मोजायला दुसऱ्या बाजूला काही उरतच नाही. चांदी आणि फेरस यांचं भांडण बरोबरीचं आहे, म्हणूनच ते मोजता येतं आणि म्हणूनच ते बारीकसारीक गोष्टींना ऐकतं. (याच कारणानं दागिन्याची चांदी या प्रयोगात चालत नाही. तिच्यातलं तांबं आधी सगळं फेरिक खाऊन टाकतं.)

बरोबरीचं भांडण किती सहज फिरतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून कळतं. आता चांदीचे आयन क्लोराइड म्हणून खाली बसतात, विद्राव्यता गुणाकार १.८ भागिले दहाचा दहावा घात. उलट अभिक्रियेचा के १ ÷ ३.१ = ०.३२. त्याला या गुणाकारानं भागलं की 'चांदी + फेरिक + क्लोराइड' या अभिक्रियेचा के येतो १.८ गुणिले दहाचा नववा घात. दुसऱ्या वाटेनं, सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडचं ०.२२२ व्होल्ट घेऊन, ०.७७१ − ०.२२२ = ०.५४९, लॉग के ९.२७. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. ज्या चांदीला फेरसनं बाहेर काढलं तीच चांदी, फक्त ॲसिड बदललं म्हणून, फेरिक खाऊन टाकतं. आणि एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफर नेमकी पहिली दिशा वापरत होते: आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या (प्रकाशाला संवेदनशील थर दिलेल्या) काचा फेरस सल्फेटच्या द्रावणानं डेव्हलप करण्याची पद्धत सर्रास होती. काचेवरच्या सिल्व्हर आयनांची चांदी करून चित्र दिसायला लागायचं.

आता तापमानाकडे नीट वळू, कारण आपल्या हवामानात हा भाग पुस्तकांपेक्षा जास्त लागू पडतो. आयनांच्या निर्मितीच्या एन्थाल्पी, म्हणजे उष्णतेचे हिशेब, घ्या: फेरस −८९.१, सिल्व्हर +१०५.६, फेरिक −४८.५ किलोज्यूल प्रति मोल. अभिक्रियेची एन्थाल्पी −६५.०. एन्ट्रॉपीतला बदल सुमारे −२०८ ज्यूल प्रति केल्विन, कारण फेरिक आयन पाण्याचे रेणू आपल्याभोवती जखडून टाकतो. २५ अंशांना (२९८ केल्विन × ०.२०८) −६५ मधून ६२ परत जातात आणि मुक्त ऊर्जा उरते उणे तीनच्या आत. ०.०२९ व्होल्ट म्हणजे −२.८ किलोज्यूल, ते हेच. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेला चिमूटभर अवशेष इथेही.

याचा परिणाम: ३५ अंशांना के १.३. एकोणचाळीस-चाळीसच्या आसपास के एकच्या खाली उतरतो. नागपुरात, अकोल्यात मे महिन्यात दुपारी पंख्याखाली ठेवलेला फ्लास्क हे तापमान सहज गाठतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पुरवणी प्रॅक्टिकल घेणाऱ्या कॉलेजात आणि डिसेंबरात घेणाऱ्या कॉलेजात, बाकी सगळं तेच असलं, तरी के-मध्ये कित्येक पटींचा फरक पडणार, आणि दोन्हीकडे हँडआउटवर उत्तर एकच छापलेलं असणार. हे आकडे विरल द्रावणांचे आहेत, सल्फेटच्या माध्यमात उतार नेमका हाच राहत नाही. पण "रात्रभर ठेवा" या सूचनेला बाथशिवाय अर्थ नाही एवढं त्यातून कळायला पुरेसं आहे. रात्री पंचवीस, गाळताना दुपारी छत्तीस, अशा फ्लास्कमधलं रीडिंग कुठल्या तापमानाचं म्हणायचं?

ॲसिड कमी घातलं तरी उत्तर हलतं. फेरिक पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइडच्या वाटेला लागतं, २.२ सामूला (पीएच) जवळपास अर्धं फेरिक या रूपात असतं, ०.१ मोलर ॲसिडमध्येही सुमारे सहा टक्के. पिवळा रंग येतो तो बराचसा यातूनच, स्वच्छ फेरिक आयन जवळजवळ रंगहीन, फिकट जांभळा असतो. उलट ॲसिडऐवजी सल्फेटचं मीठच जास्त झालं, तर सुरुवातीला सिल्व्हर सल्फेटचे पांढरे कण दिसू शकतात. ते विरघळेपर्यंत थांबावं. गाळताना राहिले तर चांदीचा हिशेब चुकतो.

मग जर्नलमध्ये निष्कर्ष काय लिहायचा? "के = ३३, एक मोलर सल्फ्युरिक ॲसिड, २५ अंश, एकूण संहतींवरून", आणि शेजारी फॉर्मल पोटेन्शियलवरून येणारी २२ ते ४९ ही पट्टी. ३.१ लिहायचा असेल तर थिअरीच्या भागात, "प्रमाण स्थितीतला" असं म्हणून. एखाद्या परीक्षकानं त्यावर लाल शाई चालवलीच, तर त्याला रकाना दाखवावा.

हँडआउटमध्ये एक उणीव मात्र राहतेच, आणि ती गंभीर आहे. १३.३ मिली हा समतोल आहे, की अभिक्रिया संथपणे पुढे जात असताना मध्येच पकडलेला एक क्षण? एका फ्लास्कवरून हे सांगता येत नाही. दुसरा फ्लास्क उलट बाजूनं लावायला हवा: त्याच ॲसिडमध्ये ०.०२५ मोलर फेरिक सल्फेटचं द्रावण (फेरिक आयन ०.०५०), फेरस नाही, सिल्व्हर नायट्रेट नाही, त्यात आधीच्या प्रयोगातून गोळा करून धुतलेली चांदीची पूड. तार किंवा नाणं नको, त्यांचा पृष्ठभाग अपुरा पडतो आणि दिवस जातात. पन्नास मिलीला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास चांदी विरघळेल, म्हणून अर्धा ग्रॅम घालावी, थोडी उरलीच पाहिजे. इथे जेवढी सिल्व्हर विरघळते तेवढंच फेरस तयार होतं, आणि फेरिक उरतं ०.०५० वजा तेवढंच. समीकरण अक्षर न अक्षर पहिल्यासारखं: (०.०५० − य) ÷ य² = के. त्यामुळे के कितीही असो, दोन्ही फ्लास्कची रीडिंग सारखीच यायला हवीत. सरळ फ्लास्क २५ वरून खाली येतो, उलटा शून्यावरून वर चढतो. दोघं १३.३ ला भेटले तर आकडा जर्नलमध्ये लिहावा, एक १३.९ ला आणि दुसरा १२.६ ला थबकला असेल तर बूच घट्ट करून दोन्ही पुन्हा बाथमध्ये ठेवावेत, आणि वापरलेली चांदी सिंकमध्ये न ओतता रेसिड्यूच्या बाटलीत टाकावी.